पोटात काही नसलेला शिपाई

हे बोलत असताना तो माझ्यासमोर टेबलावर उभा आहे. रेडिओवर काही दाखवता येत नाही, म्हणून वर्णन करतो. उंची साधारण ५४ मिलिमीटर, म्हणजे माझ्या तर्जनीपेक्षा थोडी कमी. डोक्याला फेटा, अंगात कधीकाळी लाल असलेला डगला, उजव्या हातात आडवी धरलेली बंदूक, डावा पाय पुढे. चेहऱ्यावर तपकिरी रंगाचा एक ठिपका तेवढा उरला आहे. मिशी होती हे मला आठवतं; आता नाही. मान थोडी कलती आहे, कारण डोकं एकदा तुटून पडलं होतं आणि मी ते काडेपेटीच्या काडीवर बसवलं. शिशाचा आहे म्हणून जड असेल या अपेक्षेने कुणी उचलला, तर फसतो. तो हलका आहे. आत पोकळ आहे.

माझ्याकडे अशा आकृत्या आज दीडशेच्या आसपास आहेत. पण हा पहिला, आणि बाकीचे त्याच्यामुळे जमले.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पुण्याच्या लष्कर भागात फर्निचरला पॉलिश करणाऱ्या दुकानात कामाला होते. १९४७ नंतर साहेब लोक मायदेशी गेले. त्यांच्या बंगल्यांतली कपाटं, आरसे, टेबलं लिलावात निघाली आणि पुढची काही वर्षं एकेक करून दुरुस्तीला येत राहिली. १९५३ च्या सुमारास असंच एक खणांचं कपाट आलं. त्याचा सगळ्यात खालचा खण धड सरकत नव्हता. दादांनी तो पूर्ण बाहेर ओढला, तर मागच्या फटीत या आकृत्या अडकलेल्या. एकूण सात. मालकाने बघितलं, हसला आणि म्हणाला, घेऊन जा पोराला.

दोन भालाईत घोडेस्वार, त्यातल्या एकाला डोकं नव्हतं. उंच, केसाळ काळी टोपी घातलेले तीन गोरे शिपाई. एक हा फेटेवाला. आणि एक गाय. सैन्यात गाय कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्याचं उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं, ते पुढे सांगतो.

आमचा वाडा शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला. दिवाळीत अंगणात किल्ला व्हायचा. दगड, विटा, पोती, वरून मातीचा लेप, उतारावर मोहरी पेरलेली. शिवाजीमहाराज आणि मावळे कुंभारवाड्यातून यायचे. मातीचे मावळे पहिल्याच पावसाच्या सरीत विरघळायचे, म्हणून दरवर्षी नवे. माझे शिशाचे शिपाई मात्र त्या किल्ल्याचे कायमचे नोकर झाले. केसाळ टोपीवाले तिघे सरळ शत्रूच्या बाजूला, ते टोपीकर. गाय किल्ल्याखालच्या गावात. घोडेस्वार कुणाच्याही बाजूने लढायचे. अडचण फक्त या एकाची होती. डोक्यावर फेटा आमचा, अंगात डगला टोपीकरांचा. वाड्यातल्या पोरांची यावर खरीखुरी भांडणं झाली. एक म्हणायचा, हा फितूर आहे, याला कडेलोटाच्या कड्यावर उभा करा. दुसरा म्हणायचा, हा आपला हेर आहे, वेष पालटून गेलाय. शेवटी तडजोड म्हणून त्याला किल्ल्याबाहेर, तळ्याकाठी उभं करायचं ठरलं. तळं म्हणजे आरशाचा एक तुकडा.

१९५५ च्या दिवाळीत आबा, म्हणजे माझे आजोबा, गावाहून आले होते. गाव खटाव तालुक्यात, दुष्काळी पट्ट्यात. आबा कमी बोलायचे. ते किल्ल्यासमोर उकिडवे बसले, सगळा किल्ला बघितला, आणि हात लांब करून तळ्याकाठचा फेटेवाला उचलला. तळहातावर घेऊन जोखला. नखाने टिचकी मारली. मग म्हणाले, “पोकळ हाय की रं ह्यो. पोटात काय न्हाई ह्येच्या.”

थोडं थांबून, कुणाकडेच न बघता, “आमच्याबी न्हवतं.”

मी विचारलं, “कुठं, आबा?”

ते म्हणाले, “कुतला.”

आम्हा पोरांना वाटलं, ते कुत्र्याबद्दल काहीतरी म्हणाले. आम्ही हसलो. आबा रागावले नाहीत. त्यांनी शिपाई होता तिथे परत ठेवला, तोंड बरोबर पहिल्याच दिशेला करून. शेजारच्या घोडेस्वारांना मात्र त्यांनी हात लावला नाही. एवढ्यात दादा बाहेर आले आणि आम्हाला दुसरीकडे पिटाळलं. यापुढे त्या विषयावर मी आबांच्या तोंडून एक अक्षर ऐकलं नाही. १९५९ मध्ये ते गेले.

आता थोडं या खेळण्याबद्दल. आबांनी टिचकी मारून जे ओळखलं, तो पोकळपणा हाच या खेळण्याचा सगळा शोध आहे.

धातूचे खेळातले शिपाई युरोपात जुने. अठराव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये कथिलाचे चपटे शिपाई होत, पत्त्याच्या पानासारखे पातळ. पुढे ड्रेस्डेन वगैरे ठिकाणी भरीव, अंगाने गोल शिपाई होऊ लागले. ते देखणे होते, पण भरीव म्हणून जड आणि महाग. इंग्लंडमधली श्रीमंतांची मुलं हेच जर्मन शिपाई खेळायची. लंडनच्या उत्तर भागात विल्यम ब्रिटन नावाच्या माणसाचा यांत्रिक खेळणी करण्याचा घरगुती धंदा होता. त्याच्या त्याच नावाच्या मुलाने १८९३ मध्ये शिपाई पोकळ ओतण्याची युक्ती बसवली.

युक्ती ऐकायला सोपी आहे. शिसं, त्यात थोडं कथील आणि अँटिमनी, असा रस दोन भागांच्या साच्यात ओतायचा. साच्याच्या थंड भिंतीला लागलेला रस लगेच घट्ट होतो, आतला अजून पातळ असतो. नेमक्या त्या क्षणी साचा उलटा करून आतला रस बाहेर ओतून टाकायचा. उरतं ते शिपायाचं फक्त कवच. क्षण चुकला तर एक तर भरीव ठोकळा निघतो, नाही तर बिनहाताचा सांगाडा. सगळी करामत कारागिराच्या मनगटात. हे शिपाई निरखून बघितले तर टोपीच्या शेंड्याला किंवा अशाच एखाद्या जागी बारीक भोक सापडतं, रस बाहेर पडण्याचं. धातू कमी लागला, वजन घटलं, वाहतूक स्वस्त झाली. पायदळाचे आठ किंवा घोडदळाचे पाच शिपाई, लाल रंगाच्या खोक्यात, एक शिलिंगच्या आसपास किमतीला मिळू लागले. लंडनच्या होबर्न भागातल्या गॅमेजेस या मोठ्या दुकानाने ते विकायला घेतले आणि जर्मन माल मागे पडला. कारकुनाच्या मुलालाही आता स्वतःची पलटण पाळता येऊ लागली.

रंग हाताने दिला जाई, बहुतेक बायका तो देत, कितीतरी जणी घरी नेऊन. साचा तोच ठेवून डगल्याचा, कॉलरचा, विजारीचा रंग बदलला की दुसरी पलटण तयार. १८९० चं दशक संपण्याआधीच या कारखान्याच्या यादीत हिंदुस्थानी फौज आली होती. बंगाल लान्सर्स, स्किनर्स हॉर्स, मद्रास नेटिव्ह इन्फंट्री, आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री. मुंबई इलाख्याची पलटण, म्हणजे आपल्याकडची माणसं, लंडनच्या पोराच्या दिवाणखान्यातल्या गालिच्यावर उभी राहिली. खोक्यावरच्या कागदावर पलटणीचं नाव असे. माणसाला अर्थातच नाव नसे, खेळणंच ते. पण हे नाव नसणं पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता, या गालिच्यावर त्यांचं काय होत असे? याचा एक पुरावा फार बोलका आहे आणि तो दिलाय विन्स्टन चर्चिल यांनी. १९३० साली त्यांचं तरुणपणाचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. त्यात ते सांगतात की लहानपणी त्यांच्याकडे सुमारे दीड हजार शिपाई होते, सगळे एका मापाचे, सगळे ब्रिटिश. धाकटा भाऊ जॅक शत्रुपक्षाचा सेनापती. पण दोघांत शस्त्रकपातीचा करार होता, म्हणजे थोरल्याने तो लादला होता. जॅकला फक्त काळ्या-सावळ्या वंशांचे शिपाई बाळगायची परवानगी होती आणि त्यांना तोफा ठेवता येत नव्हत्या. एके दिवशी वडिलांनी येऊन वीस मिनिटं ती मांडणी पाहिली आणि विचारलं, सैन्यात जायला आवडेल का? मुलगा हो म्हणाला आणि आयुष्याची दिशा ठरली. हे शिपाई ब्रिटनच्या कारखान्याचे नव्हेत, त्याच्या आधीचे. चर्चिल ही गोष्ट स्वतःची थट्टा करत सांगतात, आणि वाचताना आपणही हसतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही हसलो होतो.

मग पुस्तक बाजूला ठेवल्यावर लक्षात आलं की हा पोरखेळातला नियम पोरांनी शोधलेला नाही. १८५७ नंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात हेच केलं होतं. डोंगरी तोफखान्याच्या काही तुकड्या सोडल्या तर तोफा गोऱ्यांच्याच हाती ठेवायच्या, देशी शिपायाच्या हाती द्यायच्या नाहीत, असं ते धोरण. मुलं मोठ्यांचं बघून खेळतात एवढंच. हाच मुलगा १८९६ मध्ये चौथ्या हुसार्स पलटणीबरोबर अधिकारी म्हणून बंगळूरला आला.

दुसरा पुरावा एच. जी. वेल्स यांचा. विज्ञानकथा लिहिणारे वेल्स पन्नाशीकडे झुकले असतानाही जमिनीवर पालथे पडून शिशाचे शिपाई खेळायचे. १९१३ साली त्यांनी या खेळाचे नियम सांगणारं ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच लिहिलं. ब्रिटनच्याच कारखान्याची एक स्प्रिंगची तोफ होती, तिच्यातून लाकडाची कांडी उडायची; तिच्यावर सगळा खेळ उभा. पण वेल्स यांचं म्हणणं उलटं होतं. ज्या सेनापतींना, राजांना लढायची खुमखुमी आहे, त्यांना एका खोलीत कोंडून हेच शिपाई खेळायला द्यावेत म्हणजे खऱ्या माणसांचे प्राण वाचतील, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटनच्या कारखान्यातही खेळण्यांच्या जागी युद्धसामग्री होऊ लागली.

आणि त्याच युद्धात आबा बसऱ्याला गेले.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या घरांमध्ये ‘बसऱ्याची लढाई’ हा शब्द अजून क्वचित ऐकू येतो. बसरा म्हणजे आताच्या इराकमधलं बंदर. तिथून तैग्रिस नदीच्या काठाने वर बगदादकडे जी फौज निघाली तिचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी तीन होत्या, १०३, ११० आणि ११७. आबा ‘एकशेधा’मध्ये, असं दादा सांगायचे. हे आकडे एवढे मोठे का, तर १९०३ मध्ये लॉर्ड किचनेर यांनी सगळ्या फौजेचे क्रमांक नव्याने लावले आणि मुंबई इलाख्यातल्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले. मुंबईची दहावी ती एकशेदहावी झाली.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदाद हाकेच्या अंतरावर असताना, टेसिफोनला, ही फौज अडली आणि माघारी फिरली. नदीच्या एका वळणावर कुत-अल्-अमारा नावाचं गाव आहे. तिथे जनरल टाउनशेंड यांनी ठाण मांडलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी वेढा घातला. तो जवळपास पाच महिने चालला. सुटकेसाठी बसऱ्याकडून फौजा निघाल्या, त्यांची हजारो माणसं पडली, पण त्या पोहोचल्या नाहीत. शेवटी शेवटी विमानातून पिठाची पोती टाकली गेली. त्यातली काही नदीत पडली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शस्त्रं खाली ठेवली.

त्या पाच महिन्यांत आधी शिधा निम्मा झाला, मग पाव, मग मूठभर जवाचं पीठ. तोफखान्याची आणि घोडदळाची जनावरं कापायची वेळ आली. गोऱ्या पलटणी घोड्याचं मांस खाऊ लागल्या. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला. गावी कळलं तर आपल्याला कोण पंगतीला घेईल, पोरीबाळींची लग्नं कशी होतील, ही त्यांची काळजी होती. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून तारेने परवानग्या मागवल्या गेल्या, तरी बराच काळ माणसं ऐकेनात. हिवताप, रक्ती आव आणि उपासमार यांनी रांगा पातळ होत गेल्या. एप्रिलमध्ये मरण समोर दिसू लागल्यावर बऱ्याच जणांनी खाल्लं. काहींनी तरीही नाही.

हे सगळं मी १९७० च्या दशकात वाचलं, मुंबईत बँकेत नोकरीला असताना, एका वाचनालयात. इंग्रजी पुस्तकात ‘कुत’ हा शब्द दिसला आणि मला एकदम तो किल्ला, आरशाचं तळं आणि आमचं हसणं आठवलं. आबांनी घोडेस्वारांना हात लावला नव्हता, हेही त्याच वेळी आठवलं. त्यांनी खाल्लं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या घोड्याला हात न लावण्याचा काही अर्थ होता, की माझ्या मनाने तो नंतर जोडला, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आठवणींचं असंच असतं. नवं काही वाचलं की जुनी आठवण थोडी हलून बसते.

शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास अल्-ऐन भागात बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. आबा युद्ध संपल्यावर परत आले, १९१९ मध्ये. चांदीचं एक मेडल मिळालं. त्या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असे. ते आमच्या आत्याच्या लग्नात, १९४३ साली, सोनाराकडे मोडलं. महागाईचे दिवस होते, चांदी चांदीच्या भावाने गेली आणि नावही तिच्याबरोबर वितळलं. आबांचा म्हातारपणी जत्रेत काढलेला एक फोटो आहे. पलटणीतला, तरुणपणीचा एकही नाही.

म्हणून हा शिपाई मला महत्त्वाचा.

माझा संग्रह असाच त्याच्या मागोमाग वाढला. मुंबईत चोर बाजार, मटन स्ट्रीट. पुण्यात आलो की कुंभारवेशीचा जुना बाजार, रविवारी नाही तर बुधवारी. सत्तरच्या दशकात या वस्तूंना कुणी विचारत नव्हतं. जुन्या कुलपांच्या आणि चमच्यांच्या ढिगात हात घातला की एखादा शिशाचा पाय लागायचा. दोन-तीन रुपयांत मूठभर मिळत. बहुतेक मोडके. हात नाही, घोड्याला शेपटी नाही. ब्रिटनचा माल ओळखायची खूण म्हणजे पायाखालच्या चकतीवर किंवा घोड्याच्या पोटाखाली कोरलेलं नाव, अगदी जुन्या मालावर कागदाची चिकटवलेली चिठ्ठी. तुटलेलं डोकं काडीवर बसवणं ही काही माझी युक्ती नाही. इंग्लंडमधल्या पोरांनीही पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं आहे. बाजारात घेतलेल्या एका घोडेस्वाराचं डोकं काढलं तर आत साहेबाच्या काडेपेटीची काडी निघाली. ती मी तशीच ठेवली आहे.

एक धडा मात्र महागात पडला. निवृत्तीनंतर हौसेने काचेची, नव्या प्लायवुडची शोकेस करून घेतली. वर्षभरात शिपायांच्या पायांवर पांढरी पूड धरू लागली. काही लाकडांतून, प्लायवुडमधून आम्लाची वाफ सुटते आणि ती शिसं खाते. पाच-सहा आकृत्या अक्षरशः विरल्या. तेव्हापासून सगळे स्टीलच्या डब्यात आहेत, कापसात नव्हे, आम्ल नसलेल्या कागदात. घरी कुणाकडे असे शिपाई असतील तर हे लक्षात ठेवा. आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. शिसं विषारी, त्यावरचा जुना रंगही शिशाचा. आम्ही ते तोंडात घालूनसुद्धा वाढलो, हा काही पुरावा नव्हे. शिशाच्या या धोक्यामुळे आणि त्याहून जास्त प्लॅस्टिकच्या स्वस्ताईमुळे ब्रिटनच्या कारखान्याने १९६६ मध्ये पोकळ शिशाचे शिपाई ओतणं बंद केलं.

गायीचं उत्तर द्यायचं राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये घराघरांत माणसं गमावलेली. आयांना पोरांच्या हातात शिपाई बघवेनात. तेव्हा, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याच कारखान्याने शेतावरचा संच काढला. शेतकरी, शेतकरीण, गायी, डुकरं, कोंबड्या, कुंपण. माझी गाय ती. कपाटाच्या खणात तिची आणि शिपायांची गाठ पडली, म्हणजे त्या बंगल्यातल्या मुलाला दोन्ही मिळत होती. तो मुलगा कोण, त्याचं पुढे काय झालं, कुणास ठाऊक. आयुष्यात कधीतरी त्यालाही तो फेटेवाला आठवला असेल.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. आमच्या वाड्यात पाणी माडीपर्यंत चढलं. खाली आलो तेव्हा सगळीकडे कमरेएवढा चिखल. आठवड्याने चिखल उपसताना, जिथे कोनाडा होता त्याच्या खाली, तीन आकृत्या सापडल्या. एक केसाळ टोपीवाला, एक डोकं नसलेला घोडेस्वार आणि हा. गाय गेली. रंगही तेव्हाच गेला.

हा रंग का महत्त्वाचा, ते मला १९९९ मध्ये कळलं. मुलीकडे लंडनला गेलो होतो. बेथनल ग्रीनला बालपणाचं संग्रहालय होतं, आता ते ‘यंग व्ही अँड ए’ म्हणून नव्या रूपात आहे. तिथे तासन्‌तास काढले. मग एका जुन्या खेळण्यांच्या बाजारात गेलो. एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे हिंदुस्थानी पायदळाचं अख्खं खोकं होतं. आठ शिपाई, मूळ दोऱ्याने पुठ्ठ्याला बांधलेले. किंमत माझ्या काही महिन्यांच्या पेन्शनएवढी. मी नुसता बघत राहिलो. त्याने विचारलं, याच्यातच एवढा रस का? मी सांगितलं, आजोबा या फौजेत होते. तो क्षणभर काही बोलला नाही. मग त्याने, जे कुठलाही संग्राहक करत नाही ते केलं. एका शिपायाचा दोरा सोडला आणि तो माझ्या हातात दिला. आठही चेहऱ्यांवर तीच मिशी, कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात काढलेली. त्यानेच सांगितलं की मुंबई आणि मद्रास या दोन पलटणींचा साचा एकच, फरक रंगाचा. रंग गेला असेल तर तुमचा शिपाई मुंबईचा की मद्रासचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि मुंबईचा असला, तरी कारखान्याने निवडलेली मुंबईची पलटण आबांची नव्हे. शिवाय आबा कुतला होते ते खाकीत, लाल डगल्यात नव्हे. थोडक्यात, माझा शिपाई आबांसारखा जवळजवळ कशातच नाही. फक्त फेटा, आणि पोट.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही मुलांच्या विभागात शिशाच्या शिपायांच्या छोट्या फौजा मांडलेल्या आहेत. गेलात तर जरूर बघा. माणसं घड्याळासमोर गर्दी करतात आणि इथून भरभर पुढे जातात. मी तिथे उभा राहिलो की मोजत बसतो. सवय.

मोजण्यावरून आठवलं. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. देशात ठिकठिकाणच्या गावांत तेव्हाच्या सरकारने संगमरवरी पाट्या लावल्या, या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके मेले. आकडे आहेत, नावं नाहीत. बसऱ्याला मोठं युद्धस्मारक उभारलं, चाळीस हजारांवर माणसांचं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावं लिहिली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा दिला. असं व्हायला नको होतं, हे स्मारकांची व्यवस्था बघणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात कबूल केलं आणि माफी मागितली. एकशे पाच वर्षांनी. आबा जिवंत परतले म्हणून त्या आकड्यात नाहीत. त्यांच्याबरोबरचे आहेत.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या संग्राहकाने हा शिपाई बघितला आणि म्हणाला, द्या माझ्याकडे, जुन्या यादीबरहुकूम रंगवून देतो, मिशीसकट; नव्यासारखा होईल. पुन्हा रंग दिला की अशा वस्तूची किंमत जाते, हे त्यालाही माहीत होतं. तो प्रेमानेच म्हणत होता. मी नको म्हटलं. रंगवायचा तर आधी त्याची पलटण ठरवावी लागेल, ती मी कशी ठरवणार?

सोसायटीतली मुलं अजून दिवाळीत किल्ला करतात. तेव्हा चार दिवस मी त्याला डब्यातून काढतो आणि मुलांच्या हाती न देता स्वतःच नेऊन ठेवतो. किल्ल्याच्या बाहेर, पाण्याच्या जवळ. आता तळ्यासाठी आरसा नसतो, प्लॅस्टिकचा निळा कागद असतो.